रेनाँचे गाव

‘इस्लाम आणि विज्ञान यांचे जमत नाही’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेले असते की ते आले कुठून, याची चौकशी करावीशीही वाटत नाही. आधुनिक युरोपात ते मांडणाऱ्यांत सर्वांत गाजलेले नाव अर्नेस्ट रेनाँ यांचे. २९ मार्च १८८३ रोजी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. दीड-पावणेदोन महिन्यांत जमालुद्दीन अफगाणींनी त्याला पॅरिसच्याच वर्तमानपत्रातून उत्तर दिले. उर्दू, अरबी आणि तुर्की लिखाणात या वादाची कितीतरी पारायणे झाली आहेत. ‘अफगाणींनी रेनाँचे दात त्याच्याच घशात घातले’ असे आपल्या जलशांत ठासून सांगितले जाते. पण हे रेनाँ आले कुठून, त्यांचे गाव कोणते, त्यांच्या आईची भाषा कोणती, हे कुणी विचारत नाही. मला वाटते, ते गाव पाहिल्याशिवाय ते व्याख्यान नीट कळत नाही.

गावाचे नाव त्रेगिए. ब्रेतों भाषेत लांद्रेगेर. फ्रान्सच्या वायव्य टोकाला समुद्रात घुसलेला जो भूभाग आहे, त्याचे नाव ब्रिटनी. त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून थोडे आत, जोदी आणि गिंदी या दोन नद्या जिथे मिळतात तिथल्या टेकाडावर हे गाव वसले आहे. समुद्राची भरती नदीतून थेट गावाच्या धक्क्यापर्यंत येते. आपल्या कोकणातल्या खाडीकाठच्या बंदरांसारखेच म्हणायचे. आज लोकवस्ती जेमतेम अडीच हजार. एवढ्याशा वस्तीच्या डोक्यावर मात्र भलेमोठे गॉथिक कॅथेड्रल उभे आहे. कारण फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत ही बिशपची गादी होती. सहाव्या शतकात वेल्समधून समुद्र ओलांडून आलेल्या संत तुगदुआलने इथे मठ स्थापला आणि मठाभोवती गाव वाढले, असे मानतात. क्रांतीत बिशपपद गेले. पाद्री, मठ, घंटा आणि मोठमोठ्या भिंती मात्र राहिल्या.

इथली भाषा फ्रेंच नव्हती. ब्रेतों ही केल्टिक कुळातली, वेल्शची बहीण. ती खेड्यातली बोली होती आणि तिला लिखाण नव्हते, असा एक समज पसरवला गेला. खुद्द त्रेगिएच त्याला खोटे पाडते. जेहान लागादेक या इथल्या पाद्र्याने १४६४ मध्ये ‘कॅथॉलिकॉन’ नावाचा ब्रेतों-फ्रेंच-लॅटिन असा त्रैभाषिक कोश रचला आणि १४९९ मध्ये तो त्रेगिएतच छापला गेला. ब्रेतोंचा तो पहिला कोश, आणि गंमत म्हणजे फ्रेंचचाही पहिलाच. ज्या भाषेला पुढे पॅरिसने अडाण्यांची ठरवले, तिच्या माणसाने फ्रेंचला तिचा पहिला शब्दकोश दिला.

गावाचा खरा मालक मात्र एक काझी आहे. ईव्ह एलोरी, ब्रेतोंत एर्वान. जन्म १२५३, गावालगतच्या केर्मार्तांचा. पॅरिस आणि ऑर्लेआँला कायदा शिकून ते धर्मपीठाच्या न्यायालयात न्यायाधीश झाले, आधी रेनला आणि मग इथे त्रेगिएला. गरिबांचे खटले फुकट लढवायचे, श्रीमंतांच्या भेटी परत पाठवायचे, एवढीच त्यांची करामत. १९ मे १३०३ रोजी ते वारले आणि १३४७ मध्ये पोपने त्यांना संतपद दिले. आज ते जगभरच्या वकिलांचे संत आहेत. वकील असूनही लुटारू नव्हता म्हणून लोकांना त्यांचे नवल वाटे, अशा अर्थाची एक जुनी लॅटिन चेष्टाही त्यांच्याबद्दल प्रसिद्ध आहे. चर्चमधल्या मूर्तींत ते नेहमी मधोमध असतात. एका बाजूला श्रीमंत, दुसऱ्या बाजूला फाटका माणूस आणि संतांचे तोंड फाटक्याकडे.

त्यांची एक गोष्ट वाचकांना ओळखीची वाटेल. एका खानावळवाल्याने भिकाऱ्यावर दावा लावला, की हा माझ्या रश्शाच्या वासावर रोज भाकरी खातो, त्याचे पैसे द्यायला लावा. न्यायाधीशांनी खिशातून नाणे काढून मेजावर खणकन वाजवले आणि म्हणाले, वासाची किंमत नाण्याच्या आवाजाने फिटली. आपण ही गोष्ट मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर ऐकलेली आहे. कुणी कुणाकडून घेतली, या फंदात मी पडत नाही. गरिबाला न्याय देणारा काझी सगळ्यांनाच हवा असतो आणि तो प्रत्यक्षात दुर्मीळ असतो, म्हणून अशा गोष्टी गावोगाव फिरतात.

दर मे महिन्यात, तिसऱ्या रविवारी त्यांचा ‘पार्दों’ भरतो. पार्दों म्हणजे क्षमायाचनेची जत्रा. आपल्याकडच्या उरुसाची आठवण यावी असा सगळा थाट. संतांची कवटी पेटीत ठेवून मिरवणुकीने शेजारच्या मिनिही गावी नेतात, पुढे निशाणे, मागे काळे झगे घातलेले देशोदेशींचे वकील. मिनिहीच्या कब्रस्तानात त्यांच्या नावाची एक दगडी कबर आहे, तिच्याखालच्या कमानीतून लोक वाकून पार होतात. शिर्क, बिदत म्हणणारे पाद्री तिथेही होऊन गेले असतील. लोक वाकायचे थांबले नाहीत.

या गावात फेब्रुवारी १८२३ मध्ये अर्नेस्ट रेनाँ जन्मले. वडील लहानशा गलबताचे तांडेल. १८२८ मध्ये ते बुडून मेले. मुलगा पाच वर्षांचा, घरावर कर्ज. आईने पोराला नदीपलीकडच्या संत ईव्हच्या चर्चमध्ये नेले आणि संतालाच त्याचा पालक नेमले. ही आठवण रेनाँ यांनीच म्हातारपणी लिहून ठेवली आहे. पाद्र्यांच्या शाळेत मुलगा हुशार निघाला. १८३८ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याला पाद्री करण्यासाठी पॅरिसला पाठवले गेले. तिथे तो हिब्रू शिकला, बायबलचा मूळ मजकूर वाचू लागला, आणि वाचता वाचता त्याचा विश्वास ढळला. १८४५ मध्ये त्याने सेमिनरी सोडली.

सोडणे सोपे नव्हते. आईचे स्वप्न मोडले होते आणि खिशात काही नव्हते. त्या वेळी मोठी बहीण आँरियेत उभी राहिली. ही अर्नेस्टहून बारा वर्षांनी मोठी. बापाचे कर्ज फेडायला ती पोलंडमध्ये एका सरदार घराण्यातल्या मुलांना शिकवत होती. तिने साठवलेले बाराशे फ्रँक भावाला पाठवले. रेनाँ यांच्या चरित्रात मला सर्वांत मोठे माणूस ही बाई वाटते. १८६० मध्ये ती भावाबरोबर लेबनॉनला उत्खननाच्या मोहिमेवर गेली. येशूचे चरित्र तिथेच लिहायला घेतले, त्याच्या नकला तीच करत होती. सप्टेंबर १८६१ मध्ये दोघांना एकदमच ताप भरला. भाऊ बेशुद्ध असताना अमशीतमध्ये ती वारली आणि तिथेच, अरब भूमीत, दफन झाली. ‘येशूचे चरित्र’ १८६३ मध्ये निघाले ते तिलाच अर्पण करून. त्याआधी वर्षभर रेनाँ यांनी कॉलेज द फ्रान्समधल्या पहिल्या व्याख्यानात येशूला ‘अतुलनीय माणूस’ म्हटले होते. देव नव्हे, माणूस. त्यावरून त्यांचे वर्ग बंद पडले आणि पुढे पदही गेले. आपल्याला यात काय वावगे वाटणार! पण त्रेगिएतल्या पाद्र्यांच्या दृष्टीने गावचा पोरगा काफिर झाला.

सॉर्बोनमधले व्याख्यान

आता १८८३ च्या व्याख्यानाकडे येऊ. रेनाँ यांचे म्हणणे थोडक्यात असे. ज्याला अरबी विज्ञान म्हणतात, त्यात अरबी फक्त भाषा आहे. ते घडवणारे बुखाऱ्याचे, समरकंदचे, कॉर्डोव्हाचे. खरा अरब एक अल-किंदी. हे विज्ञान इस्लाममुळे नव्हे, इस्लाम असूनही फुलले, आणि श्रद्धा बळकट होताच मेले. दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत चांगला चुणचुणीत असलेला मुस्लिम मुलगा पुढे कट्टर होतो, जणू त्याच्या डोक्याभोवती लोखंडी कडे आवळले जाते.

या मांडणीत वंशवाद भरलेला आहे, हे सरळ सांगायला हवे. ‘सेमिटिक’ लोकांना तत्त्वज्ञान जमत नाही आणि ‘आर्यांना’ जमते, ही त्यांची जुनी धारणा होती. इब्न रुश्दवर त्यांनी १८५२ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात अभ्यास आहे, प्रेमही आहे. पण ११९८ मध्ये इब्न रुश्द वारले आणि इस्लामी तत्त्वज्ञान संपले, हा जो निकाल त्यात दिला गेला, तो इराणात पुढे शतकानुशतके चाललेल्या परंपरेला ठाऊकच नव्हता. तोच निकाल आजही आपल्या विद्यापीठांच्या पुस्तकांतून उतरवला जातो.

पण ते लोखंडी कडे! दहा-बारा वर्षांचा मुलगा, पाद्र्यांची शाळा, आजूबाजूला घंटा आणि भिंती. हे वर्णन कैरो किंवा दमास्कसचे कमी आणि त्रेगिएचे जास्त आहे, असे मला तरी वाटते. स्वतःच्या डोक्यावरचे कडे काढायला ज्याला घरदार सोडावे लागले, त्याला ते दुसऱ्याच्या डोक्यावर आधी दिसणारच. याने व्याख्यानातला अन्याय कमी होत नाही. तो कुठून आला एवढे कळते.

अफगाणींचे उत्तर १८ मे १८८३ च्या ‘जुर्नाल दे देबा’मध्ये छापून आले. आपल्या जलशांत जे सांगतात ते त्यात नाही. वंशाच्या मुद्द्यावर अफगाणींनी रेनाँ यांना बरोबर पकडले. ग्रीक आणि रोमन ज्ञान युरोपच्या उंबऱ्यावर पडलेले होते, तरी फ्रेंच आणि इंग्रजांनी ते उचलले नाही. वाळवंटातून आलेल्या अरबांनी उचलले, वाढवले आणि परत युरोपला दिले. मग कुवत कुणाची कमी? पण पुढे ते म्हणतात की इस्लामने विज्ञानाची गळचेपी केली हे खरे आहे, आणि हे एकट्या इस्लामचे नाही, सगळ्या धर्मांचे तसेच आहे. ख्रिस्ती धर्म इस्लामपेक्षा कित्येक शतके वडील आहे. त्याच्या समाजाला सुटायला इतका काळ लागला, तर मुस्लिम समाजाला तो काळ का नाकारता? श्रद्धा आणि मुक्त विचार यांचा झगडा मात्र कायमचा राहणार, असे सांगून ते थांबतात.

हे खंडन नव्हे. अर्धे मान्य करून, उरलेल्या अर्ध्यात माणुसकी मागणारे हे उत्तर आहे. दुसऱ्याच दिवशी रेनाँ यांनी प्रत्युत्तर लिहिले. त्यात त्यांनी गॅलिलिओला कॅथॉलिकांनी जे वागवले ते इब्न रुश्दला मुस्लिमांनी वागवले त्याहून बरे नव्हते, असे कबूल केले. अफगाणींशी बोलताना जणू इब्न सीना आणि इब्न रुश्द समोर बसल्यासारखे वाटले, अशीही स्तुती केली. अफगाण म्हणजे आर्य, म्हणून हा माणूस एवढा बुद्धिमान, असे त्यामागचे गणित होते. बहुतेक इतिहासकारांच्या मते अफगाणी हे अफगाण नव्हतेच. ते हमदानजवळच्या असदाबादचे इराणी होते आणि सोयीसाठी तसे नाव लावत. रेनाँ यांचे उत्तर छापून आले ती तारीख १९ मे, म्हणजे त्यांच्या त्या नेमलेल्या पालकाची, संत ईव्हची पुण्यतिथी. योगायोगच, पण गमतीचा.

अफगाणी पॅरिसला पोहोचले ते हिंदुस्थानातून. त्याआधीची वर्षे त्यांनी बरीचशी हैदराबादेत काढली होती. आपला मराठवाडा त्या वेळी त्याच संस्थानात होता. तिथे १८८१ मध्ये त्यांनी फारसीतून ‘नेचरीं’वर, म्हणजे सर सय्यद यांच्या पंथावर, कडक टीका करणारी पुस्तिका लिहिली. धर्म नसेल तर समाज टिकत नाही, हा तिचा गाभा. पण नोव्हेंबर १८८२ मध्ये कलकत्त्यात बोलताना याच अफगाणींनी उलेमांना झोडपले, की हे लोक ज्ञानाचे ‘मुस्लिम ज्ञान’ आणि ‘फिरंगी ज्ञान’ असे तुकडे करतात, जणू ज्ञानालाही जात असते. हैदराबाद, कलकत्ता आणि पॅरिस, अशी तीन वर्षांत तीन तोंडे. काहींना हा दुटप्पीपणा वाटतो. मला तो समोरचा श्रोता पाहून बोलणारा राजकारणी वाटतो, ज्याला प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रोगावर औषध द्यायचे होते. त्यांचे शिष्य मुहंमद अब्दुहू बैरुतमध्ये होते. पॅरिसमधले ते उत्तर अरबीत येऊ नये यासाठी त्यांनीच हालचाल केली. म्हणजे ज्यांच्या वतीने उत्तर दिले गेले, त्यांनीच ते वाचू नये अशी व्यवस्था झाली. मग ‘दात घशात घातले’ ही आख्यायिका वाढायला मैदान मोकळेच होते. नामिक केमाल यांनी तुर्कीत लिहिलेले उत्तर हे खरे खंडन. त्यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकू येते.

याच रेनाँ यांनी वर्षभर आधी, मार्च १८८२ मध्ये, ‘राष्ट्र म्हणजे काय’ हे व्याख्यान दिले होते. राष्ट्र वंशाने, भाषेने किंवा धर्माने बनत नाही. एकत्र राहण्याच्या इच्छेने बनते, आणि जुन्या कत्तली विसरण्याची तयारी असावी लागते. डॉ. आंबेडकरांनी ‘पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया’मध्ये हाच आधार घेऊन विचारले, की हिंदू आणि मुसलमान आपला भूतकाळ विसरायला तयार आहेत का? भाषेने राष्ट्र बनत नाही, असे म्हणणारा हा माणूस ब्रेतों बोलणाऱ्या आईचा मुलगा होता आणि लिहित होता फ्रेंच, तीही त्या शतकातली उत्तम फ्रेंच. व्याख्यानात ते ओझे कुठेतरी आहेच.

पुतळा

रेनाँ १८९२ मध्ये वारले. ११ वर्षांनी, १३ सप्टेंबर १९०३ रोजी, त्रेगिएत त्यांचा पुतळा उभा राहिला. जागा निवडली ती कॅथेड्रलच्या दारासमोरचा चौक! थकलेला, लठ्ठ म्हातारा बाकावर बसलेला, आणि त्याच्यामागे ग्रीकांची ज्ञानदेवता अथीना. अनावरणाला खुद्द पंतप्रधान एमिल कोंब आले. आनातोल फ्रान्स यांचे भाषण झाले. गावात सैन्य होते, शिट्ट्या होत्या, शिव्या होत्या. पुढच्याच वर्षी कॅथॉलिकांनी निषेध म्हणून मोठा दगडी क्रूस उभारला. तो आजही आहे, पुतळाही आहे.

हे कोंब कोण? आदल्या वर्षी, सप्टेंबर १९०२ मध्ये, त्यांनी ब्रिटनीच्या पाद्र्यांना हुकूम काढला होता की प्रवचन आणि धर्मशिक्षण ब्रेतोंत द्यायचे नाही. न ऐकणाऱ्यांचे पगार अडवले. त्याच उन्हाळ्यात जोगिणींच्या शाळा बंद करायला आलेल्या शिपायांना ब्रिटनीतल्या खेड्यांनी दारे लावून अडवले होते. १९०५ च्या धर्म आणि राज्य यांच्या फारकतीच्या कायद्याची जमीन इथे तयार झाली. फ्रान्समध्ये हिजाबवरून आज जे चालते, त्याची सुरुवात मुस्लिम मुलींपासून झालेली नाही. आधी ब्रेतों खेड्यांतल्या जोगिणींचा पोशाख होता.

म्हणजे विचारस्वातंत्र्याच्या पुतळ्याचे अनावरण करायला आलेला माणूस, त्याच गावाच्या आईच्या भाषेवर बंदी घालून आलेला होता. शाळेत ब्रेतों बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडी खडाव किंवा तसलेच काही अडकवायची रीत होती. ते उतरवायचे तर दुसऱ्या ब्रेतों बोलणाऱ्या पोराला पकडून द्यायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही भाषा बोलणारे दहा लाखांच्या घरात होते. आज लाख-दोन लाखांच्या दरम्यान उरलेत, बहुतेक म्हातारे. १९७७ पासून ‘दिवान’ नावाच्या ब्रेतों माध्यमाच्या शाळा लोकवर्गणीतून सुरू झाल्या, त्यातून थोडी पोरे पुन्हा बोलू लागली आहेत. भाषा वाचवण्यात पाद्र्यांचा मोठा वाटा होता, हे मान्य करावे लागते. त्यांना भाषेइतकीच आपल्या सत्तेचीही काळजी होती, हेही तितकेच खरे.

रेनाँ यांच्या घराण्याची गोष्ट पुतळ्यापाशी संपत नाही. त्यांचा नातू अर्नेस्ट प्सिकारी फौजेत गेला. मॉरिटानियाच्या वाळवंटात तीन वर्षे नमाजी मूरांमध्ये राहिला. त्यांची इबादत पाहून त्याला आपल्या आजोबांनी टाकलेला धर्म आठवला. १९१३ मध्ये तो कॅथॉलिक झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. इस्लाम बुद्धीचे दार बंद करतो म्हणणाऱ्याचा नातू मुस्लिमांना पाहून ख्रिस्ती झाला.

त्रेगिएपासून तीस-एक किलोमीटरवर लेगेर नदीच्या खोऱ्यात व्यू-मार्शे नावाचे खेडे आहे. नावाचा अर्थ जुना बाजार. तिथे १८ व्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेले एक छोटे चर्च आहे, तेही एका प्रागैतिहासिक शिलागृहावर. आत सात मूर्ती आहेत. हे सात संत म्हणजे एफेससच्या गुहेत झोपलेले सात तरुण, आपले असहाब-ए-कहफ. त्यांच्यावर ब्रेतोंत एक लांबलचक जुने गीत आहे. काही अभ्यासकांना शंका आहे, की हे मुळात ब्रिटनीचे सात संस्थापक संत असावेत, आपल्या तुगदुआलसह, आणि एफेससची कथा त्यांच्यावर मागाहून चढली असावी. असेलही.

मन्सूर अल-हल्लाजवर आयुष्य घालवलेले आणि गांधीजींना मानणारे विद्वान लुई मासिन्यों या चर्चपाशी पोहोचले. गीत वाचून त्यांना सूरह कहफ आठवली. १९५४ मध्ये, ज्या वर्षी अल्जीरियाचे युद्ध पेटले, त्याच वर्षी उन्हाळ्यात त्यांनी इथल्या पार्दोंला मुस्लिमांना बोलावले. पॅरिसच्या कारखान्यांत राबणारे अल्जीरियन मजूर आले. फ्रेंच पोरे तिकडे अल्जीरियात मारत होती आणि मरत होती, गावातल्याही घरांतून मुले लढाईवर गेली असतील. तरी त्या वर्षांत हे लोक तिथे येत राहिले. मासिन्यों कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते. ज्या संस्थेतून रेनाँ यांचे पद गेले आणि जिचे ते पुढे प्रमुखही झाले, तीच ही संस्था. ऑक्टोबर १९६२ मध्ये, अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर चार महिन्यांनी, मासिन्यों वारले. जत्रा मात्र चालू राहिली.

ती जुलैच्या चौथ्या रविवारी आणि त्याच्या आदल्या दिवशी भरते. रात्री शेकोटी पेटवतात. चर्चमध्ये ते ब्रेतों गीत गातात. मग लोक पायवाटेने खाली झऱ्याकडे उतरतात. झऱ्याच्या दगडाला सात छिद्रे आहेत, त्यांतून पाणी येते. तिथे सूरह कहफमधला गुहेचा भाग अरबीतून पढला जातो, नंतर तोच फ्रेंचमध्ये वाचून दाखवतात.